पाय आले पाहिजेत

गावात कोणाच्या घरी मोठा कॅमेरा आला ही बातमी लपत नाही. ट्रॅक्टर आला की लोक पेढे मागतात, कॅमेरा आला की फोटो मागतात. पेढे निदान एकदाच द्यावे लागतात. मी कॅमेरा घेतला तो भीमेवरचं पहाटेचं धुकं टिपायला. मांडवगण फराट्यात राहणाऱ्या माणसाकडे नदी आहे, ऊस आहे, बंधाऱ्यावर एका पायावर उभे राहणारे बगळे आहेत, शिवाय नदीपलीकडे अख्खा दौंड तालुका पार्श्वभूमी म्हणून पसरलेला आहे. कलावंताला आणखी काय लागतं, असा माझा हिशेब होता. कॅमेऱ्याचं खोकं फोडून होतंय न होतंय तोच शेजारचे तात्या दारात उभे.

"मोठा कॅमेरा आणलाय म्हणं?"

"आणलाय की."

"मग चल. म्हैस धुऊन बांधलीय."

म्हशीचा फोटो हा साधा प्रकार नसतो. विकायच्या म्हशीचा फोटो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर जातो आणि त्याला शास्त्र आहे. एक फोटो आडवा, त्यात शिंगापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत जनावर मावलं पाहिजे. दुसरा मागून, त्यात कास भरलेली दिसली पाहिजे आणि चारही सड मोजता आले पाहिजेत. विम्याचा फोटो असेल तर कानातला बिल्ला आणि मालक एकाच चौकटीत हवेत, म्हणजे कोण कोणाचं हे कंपनीला कळतं. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी गुडघे टेकून म्हशीच्या डोळ्याचा फोटो काढला. त्या काळ्याभोर डोळ्यात गोठा, आकाश आणि वाकलेला मी, असं सगळं प्रतिबिंब उतरलं होतं. तात्यांनी तो पडद्यावर बराच वेळ पाहिला.

"डोळ्यातनं काय दूध देती का ती?"

तिथून माझं खरं शिक्षण सुरू झालं. त्याआधी पुण्याच्या एका मित्राने मला कलेचे काही नियम शिकवले होते. त्यातला पहिला सोनेरी वेळेचा. सूर्य उगवल्यानंतरचा आणि मावळण्यापूर्वीचा तास, त्या वेळी उजेड मऊ असतो, माणसांचे चेहरे उजळतात, त्यामुळे फोटो तेव्हाच काढावेत. नियम उत्तम आहे. अडचण एवढीच की आमच्याकडे नेमकी तीच वेळ धारा काढून डेअरीत दूध घालायची. चेहरे उजळतात हे खरं, पण ते किटली घेऊन पळत असतात. एकाला मी म्हटलं, "जरा थांबा, उजेड फार छान पडलाय तुमच्यावर." तो थांबला नाही, पण पळता पळता म्हणाला, "उजेड पडला असता तर दूध घालत फिरलो असतो का?"

दुसरा नियम एक तृतीयांशाचा. चौकटीचे तीन भाग कल्पावेत आणि माणसाला बरोबर मध्ये उभा न करता डाव्या किंवा उजव्या रेघेवर ठेवावा. मी थोरल्या चुलत्यांना त्यांच्याच शेतात, त्यांच्याच बांधाजवळ, असं उजव्या रेघेवर ठेवलं. डावीकडे हरभरा, वर आभाळ, कोपऱ्यात विहिरीवरची मोटर. मला तर फोटो जमला असं वाटत होतं. चुलत्यांनी चष्मा लावला.

"मला कडेला का सारलंस?"

"नाना, तसा नियम आहे. एक तृतीयांशावर उभं करायचं."

"एक तृतीयांश? तिघा भावांत वाटणी झाली तवा माझ्या वाट्याला तेवढंच आलं. आता फोटोत पण तेवढंच?"

बाजूला बसलेल्या धाकट्या चुलत्यांचा चेहरा पडला. विषय तिथून जो निघाला तो विहिरीच्या पाळ्यांवर गेला, तिथून 1980च्या सुमाराच्या कुठल्याशा मोजणीवर गेला आणि चहा न होताच बैठक मोडली. तेव्हापासून मी घरच्या माणसांना बरोबर मध्ये उभं करतो. तीन भाऊ असतील तर तिघांनाही मध्ये उभं करतो. ते कसं, हे विचारू नका.

तिसरा नियम सगळ्यात महाग, कारण त्यासाठी वेगळी लेन्स घ्यावी लागते. तिने माणूस ठळक येतो आणि मागचं सगळं दुधात कालवल्यासारखं पुसट होतं. नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीला मला आग्रहाने बोलावलं होतं. यजमान फेटा बांधून बंगल्यापुढे उभे राहिले आणि मी त्यांची मिशी न मिशी टिपली. फोटो पाहून ते गप्प झाले. मग हळूच मला बाजूला घेऊन म्हणाले, "माझं तोंड गावाला ठाऊक आहे. बंगला नवीन आहे. तू नेमका बंगला पुसलास." त्यानंतर मी त्यांचा दुसरा फोटो काढला. त्यात बंगला गच्चीवरच्या टाकीसह स्पष्ट आला आणि यजमान फाटकाजवळ वॉचमनएवढे आले. तो फोटो आता त्यांच्या दिवाणखान्यात आहे, त्याला लायटिंग केलेली आहे.

पण एवढं करूनही गावाची खरी कसोटी वेगळीच असते. तिला मी भीमेवरच्या सूर्योदयाच्या वेळी सामोरा गेलो. अंधारात उठून, ओल्या गवतातून, डास खात मिळवलेला तो फोटो होता. पाणी तांबूस, धुक्याचा पट्टा, लांब एक होडी. मी तो पारावर दाखवला. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात असा फिरत फोन परत माझ्याकडे आला.

"यात कोण हाय?"

"कोणी नाही. सूर्योदय आहे."

"ते दिसतंय. पण कोणीच नाय, तर मग काढला कशापायी?"

या प्रश्नाला मी अजून उत्तर शोधतो आहे. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या आणि शहरातली प्रदर्शनं चाळून पाहिली, तिथेही ते कोणी दिलेलं नाही. आत्याच्या बाबतीत तर माणूस असूनही मी नापास झालो. तिच्या खुरपं धरलेल्या हातांचा फोटो काढला होता, सुरकुत्या, मातीने भरलेली नखं, बांगडीचा एक तुकडा. ती म्हणाली, "माझं तोंड कुठंय?" मी म्हटलं, "आत्या, हात बघ ना, सगळं आयुष्य आलंय त्यात." ती म्हणाली, "मी काय ज्योतिषाकडं आलेय का हात दाखवायला? नीट काढ. थांब, लुगडं बदलून येते." लुगडं बदलून, केसांना पाणी लावून, खुर्ची अंगणात आणून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ती बसली आणि तिने चेहऱ्यावरचे सगळे भाव काढून ठेवले. आयुष्यभर हसत आलेली माझी आत्या त्या फोटोत न्यायाधीशासारखी दिसते. तिला तोच फोटो आवडला. मात्र एक दुरुस्ती तिने सुचवलीच.

"पाय का कापलेस?"

गावात फोटोला कितीही सवलती मिळतील, पण पायांबाबत मिळणार नाही. पाय आले पाहिजेत. चपलेसह आले पाहिजेत. गुडघ्यावर कापलेला फोटो म्हणजे शहरी चित्रकलेची ऐट, आणि माणसाचा अपमान. मी आधी याला अडाणीपणा समजत होतो. पण आमच्या शेजारीच इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या लोकांनी 1968 ते 1983 अशी वर्षानुवर्षं उत्खननं केली. हसमुख सांकळिया, मधुकर ढवळीकर, अन्सारी अशी मोठी माणसं आमच्या या घोडनदीच्या काठावर उन्हात बसून माती चाळत होती. जवळपास तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव त्यांना सापडलं, घरं, धान्याच्या कणगी, पाटाचं पाणी, सगळं. त्या काळी घरातच जमिनीखाली माणसं पुरायची रीत होती आणि पुरण्यापूर्वी घोट्याखालचे पाय तोडायचे. एका माणसाचे मात्र तोडलेले नव्हते. चार पायांच्या मातीच्या रांजणात तो मांडी मोडून बसवलेला सापडला, पावलं शाबूत. तो गावचा प्रमुख असावा, असं जाणकारांचं मत पडलं.

म्हणजे कोणाचे पाय ठेवायचे आणि कोणाचे कापायचे यावरून माणसाची पत ठरवायची आमच्या टापूतली पद्धत तीन हजार वर्षांची आहे. आत्याचं म्हणणं पुराव्यानिशी शाबीत होतं. शिवाय फोटोसाठी न हलता बसण्यात त्या इनामगावकराचा हात धरणारा माणूस पंचक्रोशीत दुसरा झाला नाही.

न हलता, न हसता बसायची ही शिस्त आम्हाला स्टुडिओंनी लावली. पूर्वी फोटो काढायचा म्हणजे दौंडला किंवा शिरूरला जायचं. मुलगी दाखवायची असेल, नोकरीचा अर्ज असेल किंवा लग्न होऊन वर्ष झालं असेल, तरच. स्टुडिओत मागे रंगवलेला पडदा, त्यावर तळं, तळ्यात हंस, आणि हंसापुढे आमचे कोरडवाहू जमीनवाले काका. भिंतीवर आरसा, दोरीला बांधलेला कंगवा (तो पळवणारी माणसं असतील म्हणूनच बांधलेला), पावडरचा डबा आणि सगळ्या तालुक्याला होईल असा एक कोट. फोटोग्राफर हनुवटी धरून फिरवायचा. "खाली... अजून खाली... एवढी नको... आता श्वास घेऊ नका." माणूस घाबरून श्वास घ्यायचा विसरायचा, आणि तेच तोंड पुढे चाळीस वर्षं भिंतीवर राहायचं.

घरात कोणाकडे आग्फाचा क्लिक थ्री आला तरी रोलमध्ये फोटो बाराच. बारा फोटोंत जावळ, साखरपुडा, नवी बैलजोडी आणि मुंबईचे पाहुणे बसवायचे. त्यात तेरावा सूर्योदय कोण घालेल? रोल संपायला वर्ष लागायचं. धुऊन आला की पहिल्या फोटोतलं बाळ शेवटच्या फोटोत चालताना दिसायचं. आता फोनमध्ये हजारो मावतात. माझ्या पुतण्याने एकाच ताटाचे इतके फोटो काढले की आमटीवर साय धरली. तरी माणूस उभा राहतो तो बाराच्या रोलपुढे उभा राहिल्यासारखाच. ताठ, गंभीर, पायांसकट.

हे सगळं मी कलेच्या बाजूने सहन करत होतो, तोवर फोटोग्राफीत सरकार उतरलं.

15 ऑगस्ट 2021 पासून महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात काय पेरलंय हे आता शेतकऱ्याने स्वतः फोनवरून नोंदवायचं, आणि नोंदवताना पिकाचा फोटो काढायचा. फोटो घरी बसून चालत नाही, अॅपला तुम्ही गटात उभे आहात की नाही ते उपग्रहावरून कळतं. एका फटक्यात राज्यातला प्रत्येक खातेदार छायाचित्रकार झाला. इतक्या लोकांना एकदम कॅमेऱ्यामागे उभं करणं कुठल्या कलाशाळेलाही जमलेलं नाही.

आमच्याकडे पीक म्हणजे ऊस. उसाचा फोटो काढणं किती अवघड आहे हे उसात शिरल्याशिवाय कळत नाही. बांधावर उभा राहून काढावा तर अॅप म्हणतं तुम्ही गटाच्या बाहेर आहात. माझ्याच शेतात, माझ्या बापाच्या विहिरीवर उभा राहून मी हद्दीबाहेर आहे, असं मला फोनने सांगितलं. भावकीतल्या कोणी एवढ्या स्पष्टपणे सांगितलं नव्हतं. म्हणून आत शिरावं, तर डोक्यावर दोन हात ऊस, पायाखाली पाचट, गालावर पानांची धार, आणि फोनला रेंज नाही. फोटो निघाला तर त्यात एक पान, माझा अंगठा आणि थोडा अंधार येतो. उसाच्या आत जाऊन उसाचा फोटो काढला की त्यात उसाशिवाय सगळं दिसतं. बाहेर रेंजमध्ये यावं तर पुन्हा हद्दीबाहेर. तात्या एकदा असेच आत-बाहेर करत होते. मी विचारलं, "झाली का पाहणी?" ते म्हणाले, "पिकानं मला पाहिलं चांगलं. माझं अजून बाकीय."

पिकाच्या फोटोची ही कल्पना आपल्याकडे तशी नवी नाही, हे मी त्यांना सांगितलं. दादासाहेब फाळके आधी फोटोग्राफरच होते, गोध्र्याला त्यांचा स्टुडिओ होता. 1912 साली विलायतेहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि तो उगवताना थोडाथोडा टिपत राहिले. त्या 'अंकुराची वाढ'वर त्यांना भांडवल मिळालं आणि पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' आला. पिकाचा फोटो दाखवून कर्ज मिळवणारा पहिला मराठी माणूस तोच. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कुंडी घरात होती ना त्यांची? रेंजमधी?"

पिकावर भागलं नाही. ठिबकचं अनुदान हवं, संचाशेजारी उभा राहून फोटो. घरकुल मंजूर झालं, पायाचा फोटो, मग भिंती वर आल्याचा, मग छपराचा. प्रत्येकात घरधनी एकाच जागी, एकाच सदऱ्यात उभा, मागचं घर तेवढं वाढत जातं. ते सगळे फोटो ओळीने लावले तर फाळक्यांचा वाटाणाच. विम्याचं 2025च्या खरिपाआधी त्याहून कडक होतं. पीक आडवं झालं तर 72 तासांत कळवावं लागायचं, फोटोसह. ज्या वादळाने मका आडवा केला त्यानेच वीज आणि टॉवरही आडवा केलेला असायचा, हा भाग अॅपच्या विचारात नसायचा.

आणि आधार. देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत 29 सप्टेंबर 2010 रोजी दिलं गेलं. तेव्हापासून शंभर कोटींच्या वर लोकांचे फोटो निघाले. त्यातला एकही चांगला आलेला मी पाहिलेला नाही. माझ्या कार्डावर जो इसम आहे त्याला मी घरात घेणार नाही. पण बँक त्याला ओळखते आणि मला ओळखत नाही. काउंटरवरच्या बाई एकदा कार्डाकडे बघत, एकदा माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुम्हीच का हे?" मी हसलो. त्या म्हणाल्या, "हसू नका, मग ओळखू येत नाही." मी तोंड पाडलं, डोळे अर्धे मिटले, मान वाकडी केली. सही झाली.

एका फोटोची मात्र चेष्टा करू नये. बिबट्या आमच्या शिरूर तालुक्यात खरोखर आहे, उसात आहे, आणि त्यापायी घरं उजाड झालेली आहेत. म्हणूनच जेव्हा कोणी कुठल्या तरी परक्या जंगलातला, नाहीतर संगणकाने बनवलेला बिबट्या "आत्ताच आपल्या चारीवर" म्हणून ग्रुपवर टाकतो, तेव्हा त्याचा फोन काढून घ्यावा असं माझं मत आहे. रात्रपाळीच्या विजेवर पाणी धरायला निघालेला माणूस तो फोटो बघून घरी बसतो, आणि दुसऱ्या दिवशी खरी बातमी आली तरी तिला खोटी समजून निघतो.

राहता राहिला फ्लेक्स. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मधला चेहरा बैलगाडीच्या चाकाएवढा, त्याखाली शुभेच्छुकांचे चेहरे बटाट्यांएवढे, त्याखाली नवशिक्यांचे वाटाण्यांएवढे. भांडणं वाटाणा आणि बटाटा यांच्यामध्येच होतात. परंतु फ्लेक्सवाल्याची खरी कारागिरी पुण्यस्मरणाच्या फलकावर दिसते. गेलेल्या म्हाताऱ्याचा सुटा फोटो घरात कधीच नसतो. तो कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुपमधून कापून काढावा लागतो. खांद्यावर व्याह्याचा हात राहिलेला असतो. हात काढला की खांदा जातो, खांदा गेला की धोतर-बंडीही जाते. मग फ्लेक्सवाला त्या मस्तकाखाली संगणकातला तयार निळा सूट बसवतो, टायसह. आमच्याकडचे सगळे दिवंगत स्वर्गात एकाच मापाच्या निळ्या सुटात हिंडत असतील. ज्यांनी जन्मात पायजमा घातला नाही, तेसुद्धा.

या सुटाच्या भीतीनेच अखेर माझा धंदा बसला, म्हणजे चालू लागला. एक दिवस थोरले चुलते स्वतःहून आले. पटका बांधलेला, धोतर परीटघडीचं, पायात नव्या कातडी वहाणा. म्हणाले, "काढ. मधी उभा कर. पाय आले पाहिजेत. आणि मागं ऊस येऊ दे, पुसू नको." मी काढला. त्यांनी तो पाहिला आणि विचारलं, "कापायला सोपा जाईल ना?"

त्यांच्या पाठोपाठ गावातली सगळी पिकली पानं रांगेने येऊ लागली. माझ्या कॅमेऱ्यातलं भीमेचं धुकं आता मागे पडलंय. सूर्योदय, बगळे, म्हशीचा डोळा हे सगळं हार्ड डिस्कवर आहे, कोणी मागितलेलं नाही. हे मात्र मला मान्य करायला हवं की माझ्या त्या सूर्योदयांपेक्षा हे ताठ, न हसणारे, पायांसकटचे म्हातारे जास्त बघवतात. त्यात कोण आहे, हे निदान विचारावं लागत नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी साठीपुढचं माणूस आहे त्यांनी त्याला त्याच्या स्वतःच्या कपड्यांत आमच्याकडे घेऊन यावं. वेळ सकाळी नऊनंतरची, डेअरीचं दूध घालून झाल्यावर. पैसे घेत नाही, म्हशीचे घेतो. आणि तो फोटो फ्लेक्सवाल्याला व्हॉट्सअॅपवर धाडताना फोटो म्हणून धाडू नका, चेहऱ्याचा चिखल होतो. डॉक्युमेंट म्हणून धाडा.